हवाई दलाच्या धावपट्टीशेजारी विकास आराखडा करताना: उंचीच्या ना हरकतीवर का भागत नाही

प्रश्न असा आहे: महापालिकेच्या हद्दीला लागून हवाई दलाचा तळ आहे, नव्याने समाविष्ट झालेल्या गावांचा विकास आराखडा सुरू होतोय. धावपट्टीच्या सुरक्षेचे नियम आराखड्यात कसे आणायचे? की बांधकाम परवानगीच्या वेळी ज्याच्या त्याच्याकडून ना हरकत मागितली की झालं?

तेवढ्यावर होत नाही. उंचीची ना हरकत एकच गोष्ट सांगते: विमान सुरळीत उडत असताना ते या इमारतीला धडकणार नाही. विमान पडलं तर खाली किती माणसं असतील, आवाजात शाळा चालेल का, शेजारच्या कचऱ्यावर घारी जमतील का, यांतलं काहीही ती तपासत नाही. ते काम जमीन वापराचं, म्हणजे आराखड्याचं आहे. आणि आराखडा मंजूर झाल्यावर ते करायला गेलं तर प्रत्येक पावलाला नुकसानभरपाईचा दावा उभा राहतो.

उदाहरणासाठी पुण्याचं लोहगाव घेतो. तळ हवाई दलाचा, त्याच धावपट्टीवर नागरी उड्डाणं, चहूबाजूंनी महापालिका आणि शिवाय खडकवासल्याला एनडीएचं (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं) वेगळं विमानक्षेत्र. ओझर किंवा नौदलाच्या ताब्यातल्या दाबोळीलाही तर्क हाच, फक्त पत्र कोणाला लिहायचं ते बदलतं.

आधी कायद्यांचा गुंता सोडवू, कारण निम्मे वाद इथेच होतात. नगररचनेच्या फायलीत "डिफेन्स एनओसी" असा एकच शिक्का असतो, पण त्याखाली तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, उंचीचे नियम. केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने 2015 साली काढले, 2020 मध्ये सुधारले. मूळ आधार 1934च्या विमान कायद्याचा. त्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम 2024 ने घेतली आहे. नागरी विमानतळांसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरण ना हरकत देतं, संरक्षण विमानतळांसाठी संरक्षण खात्याचा अधिकृत अधिकारी. लोहगावला नागरी टर्मिनल असलं तरी धावपट्टी हवाई दलाची, त्यामुळे उंचीबाबत शब्द हवाई दलाचा. प्राधिकरणाकडे अर्ज टाकून महिनोन्महिने वाट पाहणारे अर्जदार कमी नाहीत.

दुसरी, 1903चा संरक्षण बांधकाम कायदा, म्हणजे वर्क्स ऑफ डिफेन्स अ‍ॅक्ट. यात अधिसूचना काढून तळाच्या किंवा दारूगोळा साठ्याच्या भोवती ठरावीक अंतरात बांधकामावर बंदी घालता येते. गुरुग्राममध्ये हवाई दलाच्या साठ्याभोवतीचा 900 मीटरचा पट्टा आणि फरिदाबादच्या डबुआ तळाभोवतीचा 100 मीटरचा पट्टा हे याचे गाजलेले नमुने. लोहगावभोवतीही बॉम्ब डंपमुळे 900 मीटरचा प्रश्न लोकांना तोंडपाठ आहे. इथे उंचीचा संबंधच नाही. एक मजली घरही अडतं, कारण धोका स्फोटाचा आहे. या कायद्यात एक गोष्ट बहुतेकदा विसरली जाते: निर्बंध घातल्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी चौकशी करून बाधितांच्या भरपाईचा निवाडा द्यायचा असतो.

तिसरी, संरक्षण मंत्रालयाची परिपत्रकं. 18 मे 2011च्या परिपत्रकाने लष्करी आस्थापनांपासून 100 मीटरपर्यंत, आणि चार मजल्यांहून उंच इमारतींसाठी 500 मीटरपर्यंत, स्थानिक लष्करी अधिकाऱ्याचं मत आवश्यक केलं. 21 ऑक्टोबर 2016 ला ते बदलून 193 ठिकाणी 10 मीटर आणि 149 ठिकाणी 100 मीटर अशी विभागणी झाली. पुढेही बदल होत राहिले, म्हणून आराखड्याच्या अहवालात परिपत्रकाची तारीख लिहा आणि ते आज अमलात आहे का, हे लेखी विचारून घ्या. परिपत्रक म्हणजे अधिसूचना नव्हे. आराखड्याच्या नकाशावर दोन्हींची रेषा एकाच रंगात काढली की न्यायालयात पहिला प्रश्न तोच येतो.

तिन्ही रेषा वेगवेगळ्या थरांवर काढा, प्रत्येक थरावर आधार लिहा. एकत्र करून "संरक्षण बाधित क्षेत्र" असा मोठा जांभळा गोळा काढू नका. ज्याचा गट फक्त उंचीत अडकतो त्याला बांधायचा हक्क आहे. जो स्फोट-अंतरात आहे त्याला भरपाईचा.

आता उंचीचं गणित. ते अवघड नाही, पण चुका इथेच महागात पडतात.

मोठ्या, उपकरणांच्या मदतीने उतरण्याच्या धावपट्टीसाठी आंतरराष्ट्रीय मानकांतली प्रमाणं अशी आहेत. उतरण्याच्या दिशेने धावपट्टीच्या टोकापासून 60 मीटरवर एक काल्पनिक उतार सुरू होतो. पहिले 3 किमी तो 50ला 1 म्हणजे 2 टक्के, पुढचे 3.6 किमी 2.5 टक्के, मग सपाट, एकूण लांबी 15 किमी. रुंदी सुरुवातीला 280 मीटर आणि दोन्ही बाजूंना 15 टक्क्यांनी वाढत जाणारी. धावपट्टीच्या बाजूंना 7ला 1 असा उतार वर चढतो. त्यावर विमानतळाच्या पातळीपासून 45 मीटर उंचीवर 4 किमी त्रिज्येचं आडवं छत. तिथून 5 टक्क्यांनी चढणारा शंकू आणखी 100 मीटर. त्यापुढे 15 किमीपर्यंत 150 मीटरवर दुसरं छत. जिथे दोन पृष्ठभाग एकावर एक येतात तिथे खालचा धरायचा.

याचा अर्थ धावपट्टीच्या मध्यरेषेवर, टोकापासून 1 किमीवर 18.8 मीटर मिळतात, 1.5 किमीवर 28.8. साधारण 2.3 किमीला उतार 45 मीटरच्या छताला जाऊन मिळतो आणि तिथून 4 किमीपर्यंत छतच राज्य करतं. बाजूला मात्र मध्यरेषेपासून 455 मीटरवरच 45 मीटर मिळायला लागतात. म्हणून विमाननगरसारख्या, धावपट्टीच्या कुशीत पण बाजूला असलेल्या भागात आणि टोकासमोरच्या भागात अंतर सारखं असूनही उंचीत इतका फरक दिसतो. लोकांना हा पक्षपात वाटतो. तो उताराचा हिशेब आहे.

हे सगळं आकडेमोड करून प्रत्येक गटाला लावायची गरज नाही. त्यासाठी रंगसंकेत नकाशा असतो, ज्याला सगळे सीसीझेडएम म्हणतात. त्यात चौकटी पाडून प्रत्येक चौकटीत समुद्रसपाटीपासून किती मीटरपर्यंत वरचं टोक चालेल ते दिलेलं असतं. लोहगाव आणि एनडीए दोन्हींसाठी तो आहे. त्या मर्यादेत स्थानिक संस्था स्वतःच परवानगी देऊ शकते. लाल भागात मात्र ना हरकत लागतेच. वर दिलेली प्रमाणं समजून घ्या, पण आराखड्यात नकाशातलाच आकडा घाला, कारण त्यात रडार, दिशादर्शक यंत्रणा आणि लष्करी उड्डाणपद्धतींचे निर्बंधही मिसळलेले असतात. दोन विमानक्षेत्रांचे नकाशे एकाच गटावर येत असतील तर कमी आकडा पाळायचा.

हा आकडा समुद्रसपाटीपासूनचा आहे, जमिनीपासूनचा नाही. लोहगावची पातळी साधारण 592 मीटर. त्यावर 45 म्हणजे छत 637 वर. नदीकडच्या 560 मीटर पातळीच्या भूखंडाला 77 मीटर मिळतात, टेकडीच्या उतारावरच्या 610 मीटरच्या भूखंडाला 27. दोन्ही धावपट्टीपासून सारख्याच अंतरावर असू शकतात. मुरूम टाकून जोतं 2 मीटर उचललं तर तेवढी उंची हातची गेली.

आता ती चूक, जी एकदा झाली की पुढे कोणाच्याच लक्षात येत नाही. मोजणीदार जीपीएस यंत्राने भूखंडाची पातळी घेतो. यंत्र जी उंची मूळात देतं ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आपल्याकडे या दोन्हींत मोठी तफावत आहे. पुणे परिसरात लंबगोलाची उंची समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा 60 मीटरहून अधिक कमी येते. दुरुस्ती न करता तोच आकडा दाखल्यावर लिहिला तर 560 मीटरचा भूखंड कागदावर 500च्याही खाली जातो आणि 77च्या जागी 137 मीटरहून उंच इमारत "नियमात" बसते. दाखल्यावर सही आहे, शिक्का आहे, अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-84 मध्ये बरोबर आहेत, फक्त उंचीच चुकलेली. त्यामुळे पातळीच्या दाखल्यात भारतीय सर्वेक्षण विभागाचा कोणता बेंचमार्क (समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवून दिलेली पक्की खूण) धरला हे लिहिणं सक्तीचं करा. महापालिकेने स्वतःच प्रत्येक नव्या गावात दोन-तीन ठिकाणी पक्के बेंचमार्क बसवून त्यांची यादी जाहीर केली तर पडताळणी पाच मिनिटांचं काम होतं. आणि परवाना देताना आजूबाजूच्या मंजूर भूखंडांच्या पातळीशी नुसती तुलना केली तरी 60 मीटरची खोट डोळ्यात भरते.

दुसरी नेहमीची गफलत व्याख्येची. विकास नियंत्रण नियमावलीत इमारतीची उंची मोजताना पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, जिन्याचं छत अशा गोष्टी वगळल्या जातात, कारण तिथे उंची लागते ती सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) ठरवायला. विमानाच्या हिशेबात सगळ्यात वरचं टोक धरतात: टाकी, वीजरोधक सळई, मोबाइलचा मनोरा, गच्चीवरच्या सौर पॅनेलचा सांगाडा, जाहिरात फलक, सगळं. नकाशावर "इमारतीची उंची 26.8 मीटर" लिहून वर 5 मीटरची टाकी-लिफ्टची खोली येते आणि 27 मीटरची मर्यादा गेलेली असते. परवानगीच्या नकाशावर "सर्वोच्च टोक, समुद्रसपाटीपासून" असा वेगळा रकाना हवा. भोगवटा पत्राआधी तोच आकडा प्रत्यक्ष मोजून पुन्हा लिहायचा. बांधकाम चालू असताना टॉवर क्रेन इमारतीच्या 10-15 मीटर वर जाते. तीही अडथळाच, तिची परवानगी वेगळी घ्यायची असते. प्रारंभ प्रमाणपत्रात ही अट सहसा नसतेच.

उंची आणि चटईक्षेत्र यांचा मेळ न घातल्याने काय होतं ते एका भूखंडावर बघा. 2000 चौरस मीटर जागा, रस्त्याच्या रुंदीनुसार प्रीमियम (शुल्क भरून मिळणारं जादा चटईक्षेत्र) आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरून आणलेला बांधकामाचा हक्क) धरून 2.0 चटई निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या दुप्पट बांधकाम, वापरता येतो असं समजू. 4000 चौरस मीटर, त्यावर राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे निवासीला 60 टक्के अनुषंगिक क्षेत्र, म्हणजे 6400. सामासिक अंतरं सोडून एका मजल्याला 600 मिळाले तर 11 मजले लागतात. पार्किंग आणि टाकीसह 41 ते 44 मीटर. पण भूखंड 610 मीटरच्या पातळीवर असेल तर 27 मीटरच उपलब्ध. टाकी-लिफ्टचे 5 आणि पार्किंगचे 3 वजा केले की 19 मीटर, म्हणजे 6 मजले, 3600 चौरस मीटर. बाकी 2800 कागदावरच राहतं. जमिनीचा व्यवहार मात्र 6400च्या भावाने झालेला असतो! मग सामासिक अंतरात सवलतीचा अर्ज येतो, मजल्याची उंची 2.75 वर आणली जाते, पार्किंग तळघरात जातं, अग्निशमनाच्या गाडीला वळायला जागा उरत नाही. विमानासाठी केलेला नियम आगीचा धोका वाढवून बसतो.

उपाय आराखड्याच्या पातळीवर आहे. ज्या चौकटीत उपलब्ध उंची कमी, तिथे टीडीआर वापरायला बंदी आणि न वापरता येणारं मूळ चटईक्षेत्र टीडीआर म्हणून दुसरीकडे न्यायला मुभा. फक्त मूळ निर्देशांकाला ही मुभा द्या, प्रीमियमला नको. नाहीतर उंची न मिळणारी जमीन मुद्दाम घेऊन टीडीआर कमवण्याचा धंदा सुरू होतो. दर रेडी रेकनरच्या प्रमाणात बसवावा लागतो, त्यावर राज्याच्या नगरविकास विभागाची मंजुरी लागते, म्हणून हा भाग प्रारूप आराखड्यासोबतच पाठवा.

इथपर्यंत उंची झाली. माणसांच्या संख्येचं काय, हा खरा प्रश्न. आपल्याकडे तो कुठल्याच नियमात नीट नाही.

12 जून 2025 ला अहमदाबादमध्ये उड्डाणानंतर काही सेकंदांत विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातले 241 आणि खालचे 19 गेले. तो विमानतळ नागरी, पण नियोजनाचा धडा तोच: विमान आधीच खाली येत असताना इमारत उंचीच्या नियमात बसते की नाही याने काही वाचत नाही. तिथे जेवणाच्या वेळी किती माणसं बसलेली असतात, याने फरक पडतो.

अमेरिकेत लष्करी तळांभोवतीच्या जमीन वापरासाठी 1973 पासून एक कार्यक्रम चालतो, ज्याला तिथे एआयसीयूझेड म्हणतात. अपघातांच्या जुन्या नोंदींवरून त्यांनी धावपट्टीच्या प्रत्येक टोकासमोर तीन आयत आखले. हवाई दलाच्या मोठ्या धावपट्टीसाठी तिन्हींची रुंदी 3000 फूट, म्हणजे 914 मीटर. पहिला 3000 फूट लांब, पूर्ण मोकळा. दुसरा 5000 फूट, तिथे घरं नकोत. गोदाम, शेती, कमी माणसांचा उद्योग चालेल, एकरी जास्तीत जास्त 25 माणसं. तिसरा 7000 फूट, तिथे विरळ घरं, एकरी 50पर्यंत माणसं. शाळा, रुग्णालयं, सभागृहं तिन्हीत नकोत. एका टोकाला मिळून लांबी साडेचार किमी आणि क्षेत्र सुमारे 418 हेक्टर.

एकरी 25 म्हणजे हेक्टरी 62. आपल्याकडच्या मध्यम घनतेच्या गृहसंकुलात हेक्टरी 200 सदनिका धरल्या तर 800 माणसं. ही तफावत बघितल्यावर हा तक्ता जसाच्या तसा पुण्याला लावा असं कोणी म्हणणार नाही. लोहगावच्या मुख्य धावपट्टीची रेषा ढोबळमानाने पूर्व-पश्चिम जाते. पश्चिमेला धानोरी-कळस-विश्रांतवाडीचा पट्टा भरून गेला आहे. तिथे आयत आखून घरं उठवणं हा विनोद होईल. पूर्वेला वाघोलीच्या अलीकडे अजून निर्णय घ्यायला जागा आहे. तिथेच जोर लावायचा.

भरलेल्या बाजूला तीन गोष्टी जमतात: नवी शाळा, रुग्णालय, मंगल कार्यालय, मल्टिप्लेक्स, वसतिगृह यांना त्या पट्ट्यात परवानगी नाही, पुनर्विकासात सदनिकांची संख्या वाढणार नाही, क्षेत्र वाढलं तर चालेल, आणि आराखड्यातली सार्वजनिक आरक्षणं, जिथे गर्दी जमते ती, पट्ट्याबाहेर हलवायची. शेवटचं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात दुर्लक्षित. जागा मोकळी दिसते म्हणून नगररचनाकार तिथेच प्राथमिक शाळेचं आणि दवाखान्याचं आरक्षण टाकतो. ती जागा मोकळी का राहिली, याचा विचार होत नाही.

मोकळ्या बाजूला कमी माणसांचे वापर ठरवून द्या: गोदामं, शीतगृह, वाहनतळ, रोपवाटिका, सौर ऊर्जा (चकाकी तपासून), बस आगार. इथे एक सापळा आहे. "उद्यान" हे आरक्षण निरुपद्रवी वाटतं, पण रविवारी संध्याकाळी तिथे घनता गृहसंकुलापेक्षा जास्त असते, आणि तळं केलं तर बगळे येतात. गोदामाच्या परवानगीत "प्रति पाळी कमाल कामगार" ही अट नसेल तर दोन वर्षांत तिथे कॉल सेंटर उभं राहतं. चटईक्षेत्र तेच, माणसं दहापट.

असे पट्टे सगळे अपघात टिपत नाहीत, हेही सांगायला हवं. ऑक्टोबर 2014 मध्ये लोहगावला उतरायला येणारं सुखोई थेऊरजवळ शेतात कोसळलं, धावपट्टीपासून बरंच लांब. पण टोकांजवळ आणि मध्यरेषेवर शक्यता दाटलेली असते, तेवढाच दावा आहे आणि तेवढा पुरेसा आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया बीच शहराने ओशियाना या नौदल तळाभोवती वर्षानुवर्षं घरं होऊ दिली. 2005 साली तळ हलवण्याची वेळ आली तेव्हा शहर आणि राज्याने मिळून वर्षाला दीड कोटी डॉलर अपघातप्रवण पट्ट्यातल्या जमिनी विकत घेण्यावर घातले. 2012 मध्ये त्याच तळाचं लढाऊ विमान एका निवासी संकुलावर पडलं. कोणी दगावलं नाही हे नशीब. आधी न आखलेल्या रेषेची ती किंमत.

आवाजाबाबत थोडक्यात. लढाऊ विमानांचा आवाज सरासरीत मोजला की कमी दिसतो, कारण उड्डाणं मोजकी पण कानठळ्या बसवणारी. अमेरिकी तक्त्यात दिवस-रात्रीची भारित सरासरी 65 डेसिबलच्या वर गेली की घरात 25 डेसिबलची घट करणारं बांधकाम सुचवतात, 70च्या वर 30. भिंत ते देते. खिडकी देत नाही. दुहेरी काच बसवली तरी आपल्या हवेत खिडक्या उघड्याच राहणार, म्हणजे घट शून्य. म्हणून शाळा-रुग्णालयाला काचेची अट घालून परवानगी देणं हा कागदी उपाय आहे. त्यांना तिथे परवानगीच नको. उंचीच्या ना हरकतीसोबत विकासक लिहून देतो की विमानांच्या आवाज-कंपनाबद्दल तक्रार वा भरपाई मागणार नाही. सदनिका घेणाऱ्याने तो कागद कधी पाहिलेला नसतो. ते हमीपत्र आणि पट्ट्याचा उल्लेख विक्री करारात आणि महारेराच्या प्रकल्प पानावर टाकण्याची अट परवानगीत घालता येते. व्हर्जिनियात विकणाऱ्यावर आणि भाड्याने देणाऱ्यावर हे सांगणं बंधनकारक आहे.

पक्ष्यांचा विषय नगररचनेत कोणी धरत नाही, आणि लढाऊ वैमानिकाला विचारलं तर तो इमारतींच्या आधी घारींबद्दल बोलेल. विमान नियम 1937 मधल्या 91व्या नियमाप्रमाणे विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून 10 किमीत उघड्यावर जनावरं कापणं, कचरा टाकणं याला मनाई आहे. 2016च्या घनकचरा नियमांत भराव-डेपोसाठी विमानतळ वा हवाई तळापासून 20 किमी अंतर सांगितलं होतं. 10 ते 20च्या मध्ये विशेष बाब म्हणून हवाई दलाच्या ना हरकतीनेच. लोहगावपासून उरुळी देवाची आणि मोशी दोन्ही डेपो याच मधल्या पट्ट्यात येतात, यावरून मोठ्या शहराला 20 किमीबाहेर जागा शोधणं किती कठीण आहे ते कळेल. त्यामुळे आराखड्यात लहान ठिकाणं पकडा: कचरा हस्तांतरण केंद्र बंदिस्त शेडमध्ये, मटण-मासळी बाजाराच्या आरक्षणाला बंद गटार आणि रोज उचल, सांडपाणी प्रकल्पाच्या उघड्या टाक्यांवर जाळी, नाल्याकाठी वड-उंबरासारखी फळं धरणारी झाडं 4 किमीच्या आत नकोत. तळाच्या परिसरासाठी एअरफील्ड एन्व्हायर्नमेंट मॅनेजमेंट कमिटी असते. तिच्या बैठकीला आरोग्य निरीक्षकाबरोबर नगररचनाकारही पाठवा. नाहीतर बैठकीत झाडलोटीवरच चर्चा होते आणि पुढच्या महिन्यात तिथेच मासळी बाजाराचं आरक्षण जाहीर होतं.

आता कामाचा क्रम. एमआरटीपी कायद्याखाली (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम) आराखडा करण्याचा इरादा जाहीर झाला की पहिल्याच महिन्यात तळाच्या प्रमुखांना पत्र जावं, जिल्हाधिकारी आणि संरक्षण संपदा अधिकाऱ्यांना प्रत. पत्रात तळाच्या आतलं काही मागू नका; साठा कुठे आहे हे विचारलं की गोपनीयतेचं उत्तर येतं आणि सहा महिने जातात. बाहेर पडणारे परिणाम मागा: धावपट्टीच्या टोकांचे अक्षांश-रेखांश आणि पातळी, रंगसंकेत नकाशा संगणकीय थर स्वरूपात, अधिसूचित हद्दी गट नंबरांसह, आणि पुढच्या 20 वर्षांत धावपट्टी वाढणार असेल तर भविष्यातली टोकं. हा शेवटचा मुद्दा लोहगावला जिव्हाळ्याचा आहे, कारण धावपट्टी वाढवण्याचा प्रस्ताव आहे. टोक 500 मीटर पुढे सरकलं की 2 टक्क्यांच्या उतारात समोरच्या प्रत्येक गटाची मर्यादा 10 मीटरने, म्हणजे तीन मजल्यांनी, खाली येते. आराखडा जुन्या टोकावर केला तर मंजूर इमारतीच उद्याचे अडथळे ठरतात.

थर आले की ते भूमी अभिलेखाच्या गट नकाशावर बसवा. जुने गाव नकाशे आणि उपग्रह प्रतिमा यांत ठिकठिकाणी 10-20 मीटर सरक असते. 100 मीटरच्या पट्ट्यात तेवढ्याने कोणाचं घर आत जातं, कोणाचं बाहेर. हद्दीवरच्या गटांची प्रत्यक्ष संयुक्त मोजणी करा: भूमी अभिलेख, महापालिका आणि तळाचा प्रतिनिधी तिघं जागेवर, पंचनामा तिथेच. मग विद्यमान जमीन वापराच्या नकाशातच हे थर दाखवा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर 30 दिवसांत हरकती येणार. लोकांना रेषा तेव्हा पहिल्यांदा दिसली तर हजारांनी येतील आणि नियोजन समिती दबावाखाली रेषाच पुसेल. प्रसिद्धीआधी तळाकडून प्रारूपावर लेखी अभिप्राय घ्या, कारण मंजुरीनंतर संरक्षण खात्याने हरकत घेतली की सगळं लटकतं.

रेषा मंजूर झाल्यावर ती झोन दाखल्यात आणि भाग नकाशात छापली गेली पाहिजे: गट नंबर, परवानगीयोग्य सर्वोच्च टोक मीटरमध्ये, कोणता पट्टा, कोणता आधार. जमीन घेणारा माणूस झोन दाखला बघतो, रंगसंकेत नकाशा बघत नाही.

स्फोट-अंतराच्या पट्ट्याबद्दल एक इशारा. परवानगी बंद, भरपाई नाही, आणि शहर चारी बाजूंनी वाढतंय, अशा जागेत शेतकरी गुंठ्यागुंठ्याने विकतो. मग तिथे परवानगी नसलेली तीन मजली घरं, दोन मीटरचे बोळ आणि हजारो माणसं, म्हणजे ज्या गोष्टीसाठी बंदी होती तीच सर्वांत दाट स्वरूपात. पाणी-वीज मिळते, पुढे नियमितीकरणाची मागणी. हे टाळायचं तर भरपाईचा निवाडा मागण्यासाठी महापालिकेनेच जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करावा आणि शेती, रोपवाटिका, उघडं साठवण अशा वापरांतल्या कोणत्यांना मुभा आहे ते तळाकडून लेखी घेऊन जाहीर करावं. काहीतरी कमवता येणारी जमीन गुंठेवारीत कमी जाते.

आराखडा आधीच मंजूर झाला असेल तर पुढच्या फेरीची वाट बघू नका. एमआरटीपीच्या कलम 37 खाली फेरबदल करता येतो. पण एकाच प्रस्तावात सगळं कोंबू नका: आधी आरक्षणं हलवण्याचा, मग नियमावलीतल्या तरतुदींचा, शेवटी टीडीआरचा. पहिल्याला विरोध कमी असतो कारण शाळेचं आरक्षण उठलं की जमीनमालक खूशच होतो. फक्त पर्यायी शाळेची जागा त्याच प्रस्तावात दाखवलेली हवी, नाहीतर शासन तो परत पाठवतं.